पदकांचा नकाशा आणि म्हसावदची भाची

गणिताला नोबेल नसतं. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून म्हटलंय, की घरी कुणी 'चहा घेणार का?' विचारलं तरी तोंडातून तेच बाहेर पडेल अशी मला भीती वाटते. नोबेलच्या जागी फील्ड्स पदक असतं, चार वर्षांतून एकदा, तेही चाळिशीच्या आतल्यांना. म्हणजे माझा आणि त्याचा संबंध केव्हाच संपला. आता मी फक्त ते कुठल्या देशाला किती मिळालं यावर व्याख्यान देते.

व्याख्यानासाठी मी जगाचा नकाशा सुती कापडावर छापून घेतलाय. ज्या देशाची पदकं जास्त तो देश गडद निळा. अमेरिका आणि फ्रान्स अगदी शाईसारखे, आपला देश पांढरा. "शून्याचा शोध आपण लावला आणि या रकान्यात तो जपूनही ठेवला," असं मी म्हणते. लोक हसतात. मग एक गृहस्थ हमखास उठतात आणि भारतीय वंशाच्यांना पदक मिळाल्याचं रागानं सांगतात. मिळालंय, पण ते मोजलं जातं दुसऱ्या देशांच्या खात्यात, हे मी सांगते. गृहस्थ बसत नाहीत. आयोजक चहाची घोषणा करतात.

तर हा नकाशा गुंडाळून मी अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी शहाद्याची एसटी पकडली. कारण वैशाली. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, शहादा तालुक्यातली, आता फ्रान्समध्ये संशोधन करते. यंदा तिला युरोपातलं तरुण गणितज्ञांसाठीचं एक बक्षीस मिळालं. बक्षीस चांगलं आहे, पण फील्ड्स नव्हे. तिचा फोन आला. "मॅडम, आखाजीला मी येतेय. तुम्ही जरा आधी मायकडे जाल का? माझ्यावरून दोन गावांत जुंपलीय, आणि माय फोनवर काही सांगत नाही." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा, कारण त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात.

लोणखेडा

धुळ्यानंतर खिडकीतून वारा नव्हे, भट्टीची वाफ यायला लागली. कंडक्टर माझ्या हातातल्या लांब गुंडाळीकडे नाशिकपासून संशयानं बघत होता. सारंगखेड्याला तापीचा पूल लागला तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मॅडम, हाई काय शे? मासा धराना गळ शे का?"

नकाशा आहे, म्हटलं. "कसाना?" "गणिताचा." त्यानं पुढे काही विचारलं नाही आणि माझ्या शेजारची सीट रिकामीच राहू दिली.

शहाद्याला लागूनच लोणखेडा. कॉलेजं, होस्टेलं, मधूनच पपईचे आणि केळीचे बाग. चौकात रिक्षातून उतरले आणि समोर वैशाली. उजवीकडेही वैशाली. दोन फ्लेक्स, दोन्हींवर फोटो एकच, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, ज्यात ती नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते. एकावर 'कळसाडीची कन्या, गणिताचे नोबेल विजेती'. दुसऱ्यावर 'म्हसावदची भाची, गणिताचे नोबेल विजेती'. गणिताला नोबेल नसतं हे सांगायला चौकात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि माझा घसा कोरडा पडला होता.

वैशालीची आई सुमनबाई होस्टेलच्या मुलींची खानावळ चालवतात. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत डब्यांची रांग. सडसडीत अंगाच्या, आवाज मात्र अंगापेक्षा मोठा. "बठा मॅडम, पानी ल्या," म्हणून त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि समोर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, शेवभाजी आणि ठेचा ठेवला. शेवभाजीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानांतून येईल असं वाटलं. पुण्यात आम्ही भाजीत गूळ घालतो हे त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

खाटेखाली एक फुगलेली कापडी पिशवी होती. माझा पाय लागला तशी त्यांनी ती घाईनं मागे सरकवली. "तेमा पापडना आटा शे," म्हणाल्या. पिशवीच्या तोंडातून नव्या साडीचं जरीचं टोक दिसत होतं. इकडचे लोक पीठ फार जपतात, असं म्हणून मी गप्प बसले.

जेवताना सगळं प्रकरण कळलं. वैशालीचे वडील कळसाडीचे. ती दोन वर्षांची असताना ते गेले. आईचं माहेर म्हसावद, आणि वैशालीचा जन्म तिथला. शाळेसाठी सुमनबाई मुलीला घेऊन लोणखेड्याला आल्या. बी.एस्सी. झाल्यावर सुमनबाईंच्या भावानं, दौलतमामांनी, शहाद्यातल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानदाराशी सोयरीक जमवली. बोलणी पक्की झाली, साखरपुडा ठरला. मुलगी म्हणाली, मला पुण्याला शिकायचंय. सुमनबाई म्हणाल्या, मग ती शिकेल. मामांचा शब्द खाली पडला. कळसाडीचे आप्पा, म्हणजे वैशालीचे मोठे काका, त्यांनी तर चारचौघांत सांगितलं, की ती आता आमची नाही, लोणखेड्याची. आणि त्या वर्षापासून आखाजीला दौलतमामा बहिणीला न्यायला आले नाहीत. रीत अशी की माहेरून मुराळी यायचा, तो लेकीला घेऊन जायचा. मुराळी आला नाही तर लेक आपल्या पायानं जात नाही. सुमनबाई गेल्या नाहीत. म्हसावद तिथून वीसेक किलोमीटरवर आहे, दर तासाला गाडी आहे.

आणि आता दोन्ही गावांना सत्कारासाठी वैशाली पाहिजे होती. वैशालीनं फोनवरून एकच अट घातली होती: सत्कार एकाच ठिकाणी, आणि माय सांगेल तिथे. त्यामुळे आप्पांनी सुमनबाईंकडे पपयांचं टोपलं पाठवलं, मामांनी आंब्यांची पेटी. सुमनबाईंनी दोन्ही होस्टेलच्या पोरींना वाटून टाकलं.

"तुम्हाला कुठे जायचंय?" मी विचारलं.

त्यांनी भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "मन्हं सोडा. तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं होतं. पहिल्या रांगेत एका टोकाला पांढरी टोपी आणि पांढऱ्या मिशांचे आप्पा, दुसऱ्या टोकाला सफारीतले दौलतमामा. मधल्या खुर्च्या कुणी घेतल्या नाहीत. मी नकाशा टांगला, शून्याचा विनोद केला. कुणी हसलं नाही. आप्पा उभे राहिले.

"मॅडम, तुमना नकाशामा आडनाव मोजतस का नही?"

"आडनाव मोजत नाहीत."

"जनम मोजतस," मामा बसल्या जागेवरून म्हणाले. "पोर म्हसावदमा जनमनी. मन्हा घरमा."

मी सांगितलं, की याबाबत जगातही एकमत नाही. कुणी जन्म बघतं, कुणी नागरिकत्व, कुणी पदक मिळालं तेव्हा माणूस कुठे नोकरी करत होता ते. एकाच माणसावर तीन-तीन देश हक्क सांगतात. नोकरीचा नियम लावला, तर वैशाली फ्रान्सची.

इथे माझं चुकलं. सभागृह खवळलं. आप्पा आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला झाले.

"फ्रान्सनी तिनासाठे काय करं?" मागून कुणीतरी विचारलं.

"पगार दिला," मी म्हटलं.

 मग आयोजकांनी चहाची घोषणा केली. बाहेर पडताना आप्पांनी मला गाठलं. "उद्या कळसाडीले या. घर देखा. मंग काय ते लेखी द्या." आंतरराष्ट्रीय नियमानुसार निवाडा करणारी अधिकारी व्यक्ती म्हणून मला तालुक्यात बोलावलंय, असा दोन्ही पक्षांचा समज झाला होता. मी तो खोडला नाही. अधिकारी व्हायची संधी मला वारंवार मिळत नाही.

कळसाडी

कळसाडीच्या वाटेवर दोन्हीकडे ऊस, मधे कापसाची रिकामी शेतं, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. आप्पांचं घर मोठं, पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर कोंबडी. भिंतीवर वैशालीच्या वडिलांचा फोटो होता आणि त्याला ताजा हार. इतका ताजा, की हार माझ्यासाठी घातलाय हे लपत नव्हतं.

आप्पांनी मला शेत दाखवलं, विहीर दाखवली, वैशाली ज्या ओट्यावरून लहानपणी पडली तो ओटा दाखवला. पडल्याचा पुरावा म्हणून एक खपलीही दाखवली असती, ठेवली असती तर. मग फुनके आणि कढी जेवायला वाढली. डाळीचे ते वाफवलेले गोळे कढीत बुडवून मी किती खाल्ले हे आप्पांच्या सूनबाई मोजत होत्या, आणि खूश होत होत्या.

"जन्माचा मुद्दा मात्र म्हसावदच्या बाजूनं जातो, आप्पा," मी ताकाचा पेला खाली ठेवत म्हटलं.

आप्पा मिशीत हसले. ते याचीच वाट बघत होते.

"देखा मॅडम. आठे पह्यलं बाळंतपण माहेरलेच व्हस. जनमवर गाव मोजं, ते कळसाडीमा कोनीच उरावं नही. सरपंच दोंडाईचाना. मी सोता प्रकाशा गावना. आनि तो दौलत, म्हसावद म्हसावद करी ऱ्हायना, तो कोठे जनमना माहीत शे? आठेच. आठून तिसरा घरमा. त्यानी मायनं माहेर कळसाडी."

मी पेला पुन्हा उचलला, कारण चेहरा लपवायला दुसरं काही नव्हतं. माझा स्वतःचा जन्म साताऱ्यात मामाच्या घरी झालेला आहे. सातारा मी त्यानंतर फक्त बसच्या खिडकीतून पाहिलाय. जन्मानुसार नकाशा रंगवायचा नियम ज्यांनी काढला, त्यांच्याकडे बायका बाळंतपणाला माहेरी जात नसणार.

"मग तिला लोणखेड्याची का म्हणालात तेव्हा?" मी विचारलं.

आप्पांचं हसू गेलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "तवय रागमा व्हतू," म्हणाले.  मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. लेखी मी काही दिलं नाही. निघताना त्यांनी रिक्षात पपया ठेवल्या.

परत आले तर सुमनबाईंच्या दारात फुलांच्या माळा घातलेली बोलेरो उभी. बॉनेटवर वैशालीचा तोच झोपाळू फोटो. दौलतमामा पडवीत बसले होते, बरोबर दोन माणसं मोबाइल उभे धरून चित्रण करत होती.

"चाल बहीण," मामा कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले. "आखाजीले लेवाले उनू."

सुमनबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचे हात पिठाचे होते. हे वाक्य ऐकायला त्या किती वर्षं थांबल्या होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. मला वाटलं, आता जातील. जावं असंही वाटलं.

"दौलत," त्या म्हणाल्या, "तू बहीणले लेवाले उना, का फोटोले?"

मामा चांगले माणूस असावेत, कारण ते खोटं बोलले नाहीत. "दोन्हीले," म्हणाले.

"मंग फोटो ली जा. तो चौकमा टांगेल शे."

मोबाइल खाली झाले. चहा तसाच राहिला. बोलेरो वळताना तिच्या माळेतली झेंडूची फुलं पडवीपुढे सांडली, ती सुमनबाईंनी झाडून एका कोपऱ्यात केली. मग त्या खाटेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी शेजारी बसले. मग खाटेखालची पिशवी पुढे ओढली आणि विचारलं, "यात पीठ नाही ना?"

त्यांनी मान हलवली. "दरसाल भरस," म्हणाल्या. "आखाजी गयी का सोडस."

साडी, चोळीचा खण, भावजयीसाठी बांगड्या. दर वर्षी नवीन. मला पुण्यात भाऊ आहे, पाच मिनिटांवर राहतो, मी त्याच्याकडे फोनही न करता जाते आणि त्याच्या फ्रीजमधलं उरलेलं खाते. त्या पिशवीकडे बघून मला पहिल्यांदा त्या खाण्याची किंमत कळली.

म्हसावद

आखाजीच्या दिवशी सकाळी पडवीपुढे मोटरसायकल थांबली. दौलतमामा, एकटे. सफारी नाही, साधा सदरा, कपाळाला घाम. मागच्या कॅरियरला गुंडाळून बांधलेला एक फ्लेक्स. चौकातला म्हसावदचा फ्लेक्स गेल्याचं मला नंतर कळलं, आणि कळसाडीच्या फ्लेक्सला समोर बघायला आता कुणी नव्हतं.

"उतारी दिना," मामा खाली बघत म्हणाले. "आते येस का?"

 "बठ," सुमनबाई म्हणाल्या. "पोरीसना डबा व्हवू दे."

पोरी सणाला घरी गेल्या होत्या. राहिलेल्या चौघींचे डबे पहाटेच भरून झाले होते. तरी त्यांनी भावाला अर्धा तास बसवलं, मला वाटतं, ते बसणं बघायला. मग पिशवी काढली, मोटरसायकलवर मागे बसल्या, आणि मी नकाशा घेऊन मागून एसटीनं गेले.

म्हसावदला उत्तरेकडे सातपुड्याची रांग उन्हात धुरकट दिसत होती. मामांच्या दारी कडुनिंबाला झोका, बायका गौराईची गाणी म्हणत होत्या, पलीकडे सावलीत पुरुष पत्ते कुटत होते. आखाजीला इकडे पत्ते खेळायची उघड मुभा असते, त्यामुळे कुणाच्याही चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता. चुलीवर उलट्या खापरावर पुरणाचे मांडे भाजले जात होते, एकेक मांडा हातरुमालाएवढा नव्हे, उशीच्या अभ्र्याएवढा. त्याबरोबर आमरस. मी दोन मांडे खाऊन उठले, तर मामी म्हणाल्या, पुण्यात लोक आजारी असतात का.

पितरांच्या नावानं घागर पुजून झाली होती. ओसरीत बिबडे घालायचं चाललं होतं. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पातळ थापायचं आणि वाळवायचं. मामींना कापड कमी पडलं. मामांनी मोठ्या मनानं फ्लेक्स पुढे केला. मामींनी वास घेऊन तो परत केला, त्याला प्लास्टिकचा वास येतो म्हणून. मग सगळ्यांची नजर माझ्या गुंडाळीवर आली. सुती कापड, स्वच्छ, लांबरुंद. मी काही म्हणायच्या आत नकाशा उलटा अंगणात पसरला गेला आणि त्याच्यावर बिबडे पडायला लागले. फ्लेक्स पत्ते खेळणाऱ्यांवर सावलीसाठी बांधला गेला. वैशालीच्या झोपाळू चेहऱ्याखाली डाव रंगला, आणि दुपारी त्या डावात येऊन बसले कोण, तर आप्पा. त्यांना बोलावलं कुणी हे कुणी सांगेना. मामांनी त्यांच्यासाठी सरकून जागा केली आणि दोघांनी मिळून म्हसावदच्या सरपंचाला हरवलं.

वैशाली चार वाजता सुरतेहून टॅक्सीनं आली. सत्कार नव्हता, मंडप नव्हता. तिनं बॅग खाली ठेवली आणि मामांना वाकायला गेली, तर मामाच वाकले. इकडे मामा भाचीच्या पाया पडतो. आमच्याकडे उलट, आणि भाची कंबर दुखतेय असं सांगून तेही टाळते. मामा उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते जोरात नाक शिंकरत होते, म्हणाले, पऱ्हाटीची धूळ.

संध्याकाळी सुमनबाई झोक्यावर बसल्या. पाय जमिनीला टेकू न देता त्या उंच जात होत्या आणि खाली आल्या की गाण्याची ओळ उचलत होत्या. मी वैशालीला विचारलं, "जन्म इथला, आडनाव कळसाडीचं, शाळा लोणखेड्याची, पगार फ्रान्सचा. पुढच्या व्याख्यानात तुला कुठे मोजू?"

"मायला विचारा," ती म्हणाली.

विचारलं. झोका खाली आला तेव्हा उत्तर आलं. "जठलं मानूस लेवाले येस, तठली." आणि त्या परत वर गेल्या.

न्यायला येतात तिथली. मी माझ्या पांढऱ्या देशाचा विचार केला. ज्यांना आम्ही वंशाच्या नात्यानं आमचे म्हणतो, त्यांना न्यायला आम्ही कुणाला पाठवलं होतं? फ्लेक्स मात्र लावतो, आणि व्याख्यानं देतो. मला स्वतःचाच थोडा राग आला, पण मांडे पोटात होते, त्यामुळे तो फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी बिबडे सोलून काढले आणि नकाशा सुलटा केला. पीठ आरपार उतरलं होतं. सगळ्या जगावर गोल गोल डाग, फ्रान्सवर एक, अमेरिकेवर तीन, आणि आपल्या देशाच्या बरोबर मधोमध एक मोठा, ज्वारीच्या रंगाचा. धुतला तर जाईल, मामी म्हणाल्या. मी धुतलेला नाही.

निघताना शहाद्याच्या स्टँडवर दोघी मला सोडायला आल्या. वैशालीचं परतीचं विमान दोन दिवसांनी होतं. एसटी लागली तेव्हा ती आईला म्हणत होती, "माय, पुढला साल तू फ्रान्सले ये ना. तिकीट मी धाडस."

सुमनबाईंनी माझी गुंडाळी खिडकीतून आत दिली, हात पुसले आणि लेकीकडे वळल्या.

"तिकीट नको धाडू," त्या म्हणाल्या. "तू लेवाले ये. मंग येसू."